पाचवं येण्याचं कसब

पहिलं कोणीही येतं. गाडी बरी असली, पायात जोर असला आणि डोक्यात फारसं काही नसलं, की येतं. पण दर शुक्रवारी वीस-बावीस गाड्यांच्या धुळीतून नेमकं पाचवं यायचं, चौथं नाही आणि सहावंही नाही, याला कसब लागतं. माझ्या भावाकडे, लुमिरकडे, ते होतं. चौऱ्याऐंशी सालचा सबंध उन्हाळा त्याने ते वापरलं आणि सगळ्या काउंटीने आमची यथेच्छ टिंगल केली.

लोक मला विचारतात, आर्डिस, तुमच्या टीमचा इतिहास काय? इतिहास कसला डोंबलाचा. टीम म्हणजे चार माणसं, एक जुना गोठा आणि अडतीस नंबरची गाडी. माझ्या वडिलांनी, अल्बिन ड्राहोस यांनी, छप्पन साली टर्की नदीच्या पुरात बुडालेली एक फोर्ड फुकटात ओढून आणली, दारं वेल्ड करून बंद केली आणि जत्रेच्या मैदानावर पळवली. तिसऱ्या वळणावर ती उलटी झाली. पपा खिडकीतून बाहेर आले, टोपी शोधली आणि आमच्या आईला, माला, म्हणाले की गाडीचा तोल चुकलाय, इंजिनाचा नाही. मा म्हणाली, तोल तुमचा चुकलाय. इथून आमची टीम सुरू झाली असं धरायला हरकत नाही.

पुढे गायी विकल्या तेव्हा गोठा रिकामा झाला. माळ्यावर वैरण चढवायची कप्पी तशीच होती, तिला साखळी लावून आम्ही इंजिनं उचलायचो. पपांचं वय झालं तसा लुमिर गाडी चालवू लागला. मी पपांच्या हाताखाली. मा पैसे सांभाळायची आणि सगळ्यांना धाकात ठेवायची, म्हणजे खरी मालकीण तीच. दाणे-पेंडवाल्या झेलेन्काचं नाव आम्ही गाडीच्या दारावर हाताने रंगवायचो, त्याबद्दल तो आम्हाला टायर द्यायचा. चालायचं.

मग आमच्याकडे मागणीचा नियम आला, आणि तो आणला पपांनीच.

झालं असं होतं, की ट्रॅक्टर विकणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा, व्हर्जिल, शिकागोहून तयार इंजिन विकत आणून शर्यती मारायला लागला. बाकीचे सगळे शेतकरी, दूध डेअरीतले कामगार, कोणी शाळेची बस चालवणारा. हे लोक भंगारातून इंजिन उभं करणार आणि तो पेटीतून काढून बसवणार. अर्ध्या लोकांनी गाड्या विकायला काढल्या. तेव्हा जनावरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये सभा भरली आणि पपा उठले. एरवी हा माणूस चर्चमध्ये आमेनसुद्धा पुटपुटत म्हणणारा. ते म्हणाले, पहिल्या चार नंबरांच्या इंजिनाला कोणालाही मागणी घालता आली पाहिजे. ठरलेली किरकोळ रक्कम द्यायची, बदल्यात आपलं इंजिन द्यायचं आणि त्याचं उचलायचं. मग कोण कशाला शिकागोला जातंय? आणि ज्याला इंजिन जाण्याची एवढी भीती वाटते त्याने ते घरी काचेच्या कपाटात ठेवावं, मैदानावर आणू नये.

नियम झाला, तो अजून आहे. शर्यत संपली की पहिल्या चार गाड्या प्रेक्षकांच्या बाकांसमोरच्या मोकळ्या जागेत उभ्या करायच्या. एक फेरीही मागे न पडता शर्यत पुरी केलेला कोणीही तिथे गाडी घेऊन यायचा, उतरायचा आणि म्हणायचा, माझी मागणी आहे. मग पंच विचारणार, देतोस का? ड्रायव्हरच्या तोंडून निघालेला पहिला शब्द पक्का. नाही म्हणालास तर नंबर गेला, आणि महिनाभर घरी बस.

पपांच्या दोन इंजिनांना पुढच्या काही वर्षांत मागण्या आल्या. दोन्ही वेळा त्यांनी हसत दिली, वर माने नेणाऱ्याच्या हातात कोलाचीचा, म्हणजे गोड सारणाच्या पावांचा, डबा ठेवला. पपांचं म्हणणं असं, की बक्षीस समिती देते, पण मागणी शत्रू घालतो. शत्रूने आपल्या हातचं काम मागावं याहून मोठी शाबासकी नाही. मुलीला चांगल्या घरून मागणी यावी तसे ते आठवडाभर खुशीत असायचे.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात पपांचे डोळे गेले. साखर होती, पथ्य नव्हतं, माच्या हातचे डम्पलिंग होते. डॉक्टरने सांगितलं ते सगळं झालं. नजर जात होती तेव्हाच त्यांनी एक इंजिन उघडलं होतं, आणि ते पुरं करायचंच असा हट्ट धरला. मापं मी वाचायची आणि बोटं त्यांची. शेवटी शेवटी तर व्हॉल्व्ह बसवताना ते डोळे मिटूनच घ्यायचे. म्हणायचे, अर्धवट दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं, गोंधळ होत नाही. मार्चमध्ये इंजिन सुरू केलं तेव्हा गोठ्याच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. असं इंजिन त्यांनी जन्मात बनवलं नव्हतं. आणि पुढे बनवणार नव्हते, हेही घरात सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मा कणीक तिंबत होती. लुमिरला तिने स्वयंपाकघरात बोलावलं आणि मान वर न करता सांगितलं की हे इंजिन या घरातून जाणार नाही. लुमिर म्हणाला, मग शर्यतीला न्यायचंच कशाला? जुनं लावतो.

मा म्हणाली, "न्यायचं. तुझ्या बापाला आता दिसत नाही, ऐकू येतं. शुक्रवारी त्याने ऐकायचं काय मग?"

"अगं, पण पहिल्या चारांत आलो तर कोणीतरी मागणारच."

"मग पाचवा ये," मा म्हणाली आणि कणीक उलटी आपटली.

मी तिथेच होते. मी म्हणाले, हा शुद्ध भेकडपणा आहे, आणि पपांना कळलं तर ते आपल्याला घराबाहेर काढतील. नियम त्यांचा, आणि त्यांच्याच घरात पळवाट! मा म्हणाली, म्हणून तर कळू द्यायचं नाही. तिच्यापुढे बोलून कोणाचं भलं झालंय? मी दार आपटून निघून गेले, आणि लुमिर पाचवा यायला लागला.

कसं करायचा ते सांगते. शर्यतभर तो धुळीत दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर खेळायचा, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत, मागच्या सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवरून हळूच पाय काढायचा. एक गाडी पुढे, दोन गाड्या पुढे, बस. जूनपर्यंत बाकांवरच्या लोकांना कळलं की काहीतरी गंमत आहे. स्पीकरवरचा माणूस म्हणायचा, "आणि पाचवा... तुम्हीच सांगा," की सगळे एका सुरात ओरडायचे, "ड्राहोस!" डेल्बर्ट हुस्मान नावाचा आमचा शेजारी होता, पपांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, डुकरं पाळायचा आणि शर्यतीत लुमिरचा पक्का वैरी. तो तर सगळ्यांसमोर विचारायचा, की लुमिर, पाचवी जागा भाड्याने घेतलीस की विकत? लुमिर हसून घालवायचा. घरी येऊन मात्र जेवायचा नाही.

पपा तिसऱ्या वळणाच्या कुंपणाबाहेर आमच्या पिकअपमध्ये बसायचे, काच खाली करून. बावीस गाड्यांतून आपलं इंजिन त्यांना वेगळं ऐकू यायचं. सुरुवातीला ते इतर गोष्टींवर खापर फोडत राहिले. माती कोरडी होती, टायर गुळगुळीत झालेत, लुमिरने वळण रुंद घेतलं असेल. मग एका रात्री घरी येताना त्यांनी लुमिरला विचारलं, "शेवटच्या फेऱ्यांत दम सोडतं का रे ते?"

लुमिर गाडी चालवत होता. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "थोडंसं."

मी मागे बसले होते. त्याच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. पण त्याने तरी काय सांगायचं होतं? खरं सांगितलं तर बापाचा नियम आपण मोडतोय हे सांगायचं, आणि खोटं सांगितलं तर हे. त्याने खोटं सांगितलं आणि पपांनी ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं एकच. इंजिन उघडा, व्हॉल्व्ह नीट बसले नसणार, मला तेव्हाच शंका आली होती. माने हंगाम संपल्यावर बघू म्हणून उडवून लावलं. पपा जेवताना आपली बोटं एकमेकांवर घासत बसायचे. हळूहळू इंजिनाबद्दल बोलणंच त्यांनी सोडलं. मैदानावर यायचे, काच मात्र वर असायची.

ऑगस्टमध्ये एका रविवारी, चर्च झाल्यावर, मी कोंबड्यांना घालून येत होते तर गोठ्याशी डेल्बर्टचा ट्रक उभा. आत पपा स्टुलावर बसलेले, आणि डेल्बर्टच्या हातात पपांची अवजारांची पेटी. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा पाना, जाडी मोजायच्या पट्ट्या, लाकडी डबीतला मायक्रोमीटर, सगळी. तीस वर्षांत त्या पेटीला लुमिरलासुद्धा न विचारता हात लावायची सोय नव्हती.

पपा त्याला सांगत होते, "घेऊन जा बाबा. माझे हात गेले. डोळे गेले तेव्हा वाटलं होतं हात तरी राहतील, पण नाही राहिले. शेवटचं बनवलं ते अर्ध्या वाटेत धापा टाकतं. सबंध उन्हाळ्यात एक माणूस मागायला आला नाही त्याला. मग कशाला ठेवू ही?"

डेल्बर्टचा चेहरा काळवंडला. त्याने पेटी काखेत मारली, मला डोळ्यांनी बाहेर ये म्हणून खुणावलं, आणि ट्रकपाशी गेल्यावर दबक्या आवाजात माझ्यावर तुटून पडला.

"आर्डिस, मी दर शुक्रवारी तुझ्या भावाच्या मागे असतो. तो पाय काढतो ते मला दिसतं. मे महिन्यापासून त्या इंजिनावर माझा डोळा आहे, म्हणून टोमणे मारतो मी, की चिडून तरी पुढे येईल. तुमचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही म्हाताऱ्याला जिवंतपणी पुरताय."

मी म्हणाले, पेटी इथेच ठेव. तो म्हणाला, नाही, त्यांनी दिली आहे, त्यांनी मागितली तरच परत देईन. आणि निघून गेला. मला त्याचा राग आला आणि लाजही वाटली, कारण डुकरंवाला बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी तशीच जाऊन लुमिरला गाठलं. तो शेतात गवताच्या गठ्ठ्यांवर बसून पाणी पीत होता. पेटी गेली म्हटल्यावर त्याने बाटली खाली ठेवली. थोडा वेळ त्याने तोंड दुसरीकडे केलं, आणि मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, येत्या शुक्रवारी जत्रेची शर्यत आहे. मी म्हणाले, मग? तो म्हणाला, माला कोण सांगणार? मी म्हणाले, कोणी नाही.

जत्रेच्या शर्यतीला मा कधी मैदानाकडे येत नसे. बाकांच्या खाली चर्चच्या बायकांचा कोलाचीचा स्टॉल असायचा आणि तिथे तिच्याशिवाय पान हलत नसे. त्यामुळे पिकअपमध्ये पपा आणि मी दोघंच होतो. मी हात घालून त्यांच्या बाजूची काच खाली केली. ते म्हणाले, राहू दे, धूळ येते. मी म्हणाले, आज येऊ दे.

हिरवा झेंडा पडला आणि लुमिर नवव्या जागेवरून निघाला. त्या दिवशी त्याने गाडी कशी चालवली ते मी आजही सांगू शकेन, पण सांगत नाही, कारण दर फेरीला एक गाडी मागे टाकायची यात सांगण्यासारखं काय असतं. अर्ध्या शर्यतीत तो पुढे होता. पपांनी मान तिरकी केली.

"कोण आहे पुढे?"

"लुमिर."

"माझ्याशी खोटं नको बोलूस, आर्डिस."

"मग ऐका की स्वतः."

ते ऐकत राहिले. प्रत्येक फेरीला तिसऱ्या वळणावरून अडतीस नंबर एकटी यायची आणि मग बाकीच्या. शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या तेव्हा ते हळू म्हणाले, आता सोडेल दम. दोन राहिल्या. मागच्या सरळ रस्त्यावर, जिथे सगळा उन्हाळा लुमिरने पाय काढला होता, तिथे इंजिनाचा आवाज चढतच गेला. पपांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. शर्यत संपली तेव्हा ते रडत होते आणि त्याची त्यांना काही पर्वा नव्हती. मला म्हणाले, चल, मला तिकडे ने.

डोळे गेल्यापासून ते मैदानात उतरले नव्हते. मी त्यांच्या कोपराला धरून मातीतून नेलं. पहिल्या चार गाड्या उभ्या होत्या आणि लुमिर बॉनेटला टेकून उभा होता, तोंड गच्च मिटून. तेवढ्यात डेल्बर्टची गाडी आली. तो उतरून म्हणाला, माझी मागणी आहे. त्याच्या मागून शाळेची बस चालवणारा क्लेटस आला, त्याचीही मागणी. आणि तिसरी गाडी आली ती व्हर्जिलची. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा, शिकागोवाला! त्याने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, माझीपण.

पंचाने लुमिरला विचारलं, "देतोस का?"

लुमिरने मान वर केली. तो माझ्या पलीकडे बघत होता. वळून पाहिलं तर मा. स्पीकरवर नाव ऐकून तशीच पिठाच्या हातांनी, एप्रन बांधलेली, मैदान तुडवत आली होती. तिचा चेहरा मी ओळखते, त्या चेहऱ्यापुढे विमा एजंट अंगणातून परत जातात. पंचसुद्धा एक पाऊल मागे सरकला.

पपांना ती आल्याचं कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "किती जण आहेत?"

"तीन."

"तीन?" ते म्हणाले. "कोण कोण? नावं सांगायला सांग त्यांना."

तिघांनी एकेक करून आपापलं नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं. व्हर्जिलचं नाव ऐकल्यावर पपांनी पुन्हा विचारलं, कोण? तो म्हणाला, "व्हर्जिल, मिस्टर ड्राहोस. तुमच्यामुळे माझं इंजिन गेलं होतं, तोच." पपा हसले. असे हसले की दात दिसले, वर्षभरात पहिल्यांदा.

मा ते बघत उभी राहिली. इंजिनाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मग एप्रनला हात पुसले आणि लुमिरला म्हणाली, "बघतोस काय असा? तीन माणसं दारात उभी आहेत. दे."

"दिलं," लुमिर म्हणाला.

टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, डेल्बर्टची निघाली. इंजिन तिथेच उतरवलं, आणि त्याचं आम्ही पिकअपमध्ये घातलं. शेवटी डेल्बर्ट आपल्या ट्रककडे गेला आणि पेटी घेऊन आला. म्हणाला, अल्बिन, तुमच्याकडे माझं इंजिन जातंय, त्याला ही लागेल. पपा म्हणाले, आण इकडे. मा त्याला कोलाचीचा डबा द्यायला विसरली नाही, पण खसखशीच्या नव्हे, आलुबुखाराच्या दिल्या. खसखशीच्या त्याला जास्त आवडतात हे तिला माहीत होतं.

डेल्बर्टचं इंजिन म्हणजे काय सांगू. पपांनी गोठ्यात त्याच्यात बोटं घातली आणि म्हणाले, हा माणूस तेलाऐवजी डुकरांचं खाणं घालतो की काय? मग मला म्हणाले, दिवा लाव. मला नको, तुला लागेल. त्या हिवाळ्यात ते इंजिन मी उघडलं आणि मीच पुन्हा जोडलं. पपा स्टुलावर बसून शिव्या द्यायचे आणि प्रत्येक भागावरून एकदा बोट फिरवायचे. पुढची सगळी इंजिनं माझ्या हातची आहेत. त्यांतली बरीचशी लोकांनी मागून नेली.

आता राहिलं एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात, पहिल्याच शुक्रवारी, डेल्बर्ट पपांच्या इंजिनावर पहिला आला. व्हर्जिल मागणी घालायला निघाला होता, पण त्याची गाडी वाटेतच बंद पडली, म्हणून डेल्बर्ट वाचला. डेल्बर्टला त्या रात्री झोप आली नसावी. कारण पुढच्या शुक्रवारी आम्ही तिसऱ्या वळणाशी बसलो होतो, मा पण आली होती, आणि शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या असताना, मागच्या सरळ रस्त्यावर, त्या इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. स्पीकरवरचा माणूस म्हणाला, आणि पाचवा, अहो, डेल्बर्ट हुस्मान!

लोक हसत होते. पपा हसत नव्हते. ते काचेच्या बाहेर कान करून तसेच बसून होते.

"हा आवाज मी ऐकलाय," ते म्हणाले. "हा दम गेल्याचा आवाज नाही. पाय काढल्याचा आहे."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सगळा उन्हाळा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते, पण माने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "सगळा. मी सांगितलं होतं त्याला. मुलांवर ओरडू नका."

मला वाटलं, आता भडका उडणार. नियम त्यांचा, घर त्यांचं, आणि फसवणूक त्यांचीच. पपांनी चाचपडत माचा हात शोधला, पिठाने खरखरीत झालेला, आणि दोन्ही हातांत धरला.

"मूर्ख बाई," ते म्हणाले. "पुन्हा बनवलं असतं की मी."

मा म्हणाली, माहीत आहे. आणि मग ती रडली, तिला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मैदानावर पुढच्या शर्यतीच्या गाड्या रांगेत लागत होत्या. पपांनी मला गालातल्या गालात हसत सांगितलं, डेल्बर्टला निरोप दे, त्या व्हॉल्व्हकडे एकदा बघून घे म्हणावं. नाही जमलं तर इकडे घेऊन ये.